पोटची न्हाय, असं सांगा

सासूबाईंना नातीच्या नावावर जमीन करायची होती, तिथून हे सगळं सुरू झालं. जमीन म्हणजे खाडीच्या अंगाला उरलेला एक तुकडा. बाकीच्या शेतांवर पत्र्याची गोदामं कधीच उभी राहिली आणि त्यांच्या भाड्यावर आमच्या घरातला मोठा खर्च चालतो. हा तुकडा मात्र सासूबाईंनी कुणाला दिला नव्हता. दलाल आला की पायरीवर बसूनच त्याला वाटेला लावायच्या, "तो माझे नातीचा हाय. पुढचं घर बघ." नात तेव्हा चौथीत होती. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं की मी डोळे मिटायला मोकळी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या, माझा नवरा आणि मी असे तिघं भिवंडीतल्या एका वकिलांकडे गेलो.

वकिलांनी आमचे कागद चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मुलगी भारतीय नागरिक आहे ना?"

मला हसूच आलं. नारपोलीच्या शाळेत जाणारी, सुकट-भाकरीवर ताव मारणारी, गौरी आल्या की बायकांत घुसून नाचणारी आमची मुलगी. ती दुसरी कोण असणार? पण वकील हसले नाहीत.

"जन्म नेपाळचा, जन्म देणारे आईबाप नेपाळचे," ते म्हणाले. "तुम्ही दत्तक घेतलंत, ते कायद्यानं अगदी बरोबर. पण दत्तक घेतल्यानं मूल तुमचं होतं, देशाचं होत नाही. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो केलाय का?"

तो केला नव्हता. असा काही अर्ज असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"म्हंजे माजी नात परदेशी?" सासूबाईंनी विचारलं.

"कायद्याच्या भाषेत, हो."

"कायद्याला सांगा, तिचं बारसं मी केलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून उठून उभ्याच राहिल्या. नवऱ्यानं त्यांना कसंबसं परत बसवलं.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दवाखाने, नवस, अंगारे सगळं करून झालं होतं. आमच्या गोदामावर नेपाळचा एक वॉचमन होता. त्याची बायको डोंगरातल्या गावी बाळंत झाली आणि चार-पाच महिन्यांची मुलगी घेऊन इकडे आली. त्याच पावसाळ्यात त्या बाईला कावीळ झाली. तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मुलगी माझ्याकडे ठेवली होती. आई परत आलीच नाही. बाप रात्रपाळीला जाताना मुलगी माझ्याकडे सोडायचा, सकाळी न्यायचा. मग सकाळीही न्यायचा राहिला. वर्षभरानं एकदा दाराशी उभा राहून म्हणाला, "भाभी, ये तो आपको ही माँ समझती है. मैं इसको क्या दूँगा?" असं म्हणून तो रडायला लागला, आणि खरं सांगते, मला त्याच्याबद्दल वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. आम्ही सगळं रीतसर केलं. भटजी आले, होम झाला, त्यानं स्वतःच्या हातानं मुलगी माझ्या ओटीत घातली, मग सरकारी कचेरीत जाऊन दत्तकपत्राची नोंद केली. पुढे तो गावी परत गेला, त्यानं दुसरं लग्न केलं. दसऱ्याच्या सुमारास त्याचा एखादा फोन येतो.

मुलगी ओटीत घातली त्या दिवशी सासूबाईंनी आमच्या आळीत घरोघर गूळ वाटला. त्यांच्या माहेरची ही रीत. दत्तक मूल घरात आलं की घरातली मोठी बाई गूळ घेऊन फिरते, आणि ज्यानं तो गूळ खाल्ला त्यानं पुन्हा त्या मुलाला कधी 'आणलेलं' म्हणायचं नाही. पोटचंच म्हणायचं. "गूल खाल्लाव ना? मंग आता जिभेला गाठ मारा," असं प्रत्येक दारात बजावून सासूबाई घरी आल्या. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला होता! आणि आमच्या आळीनं तो गूळ असा काही पाळला, की भांडणातसुद्धा कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. नळावर माझी उणीदुणी काढणाऱ्या बायकांनीही तेवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळं काढलं. मुलीलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं. मोठी झाली की सांगू, असं दरवर्षी म्हणायचो.

वकिलांकडून आल्यावर माझी झोप गेली. मी मुळातच काळजी करणारी. नवरा म्हणतो, हिला काळजी करायला काही नसलं तर ही त्याचीच काळजी करते. पण ह्या वेळी तोही रात्री उठून कागदांची पिशवी उघडून बघायचा. मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या करते. कुठला माल, कुणी पाठवला, कुठं जायचा, हे लिहिलेला गाडीबरोबरचा कागद म्हणजे बिल्टी. ती नसली की गाडी नाक्यावर अडते, मग आत सोनं असो की चिंध्या. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालाचे कागद करायचे आणि मनात एकच घोळायचं, माझ्या पोरीचाच कागद नाही. पेपरात रोज कुठंतरी कागदपत्रं तपासल्याच्या, कुणालातरी धरल्याच्या बातम्या. आमच्या मागच्या लूमच्या शेडमध्येही एकदा पोलीस येऊन कामगारांची ओळखपत्रं बघून गेले. मुलगी तेव्हा दारात दोरीच्या उड्या मारत होती. मी तिला आत ओढून घेतलं. "का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ऊन आहे. ऊन नव्हतं.

अर्ज भरला. तो इथून कलेक्टरच्या कचेरीत, तिथून वर दिल्लीला जातो असं कळलं. पहिली अडचण आली ती नेपाळच्या जन्मदाखल्याची. तो देवनागरीत, त्यामुळे सगळ्यांना वाचता येतो, आणि तिथंच घोळ होतो. त्यांच्याकडे विक्रम संवत चालतो, आपल्या सनापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षं पुढचा. खिडकीवरच्या बाबूंनी दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, ही मुलगी अजून जन्मलीच नाहीये. हिचा जन्म व्हायला पन्नासेक वर्षं आहेत." त्यांना वाटलं विनोद झाला. रांगेतले लोकही हसले. मग त्या दाखल्याचं भाषांतर, त्यावर त्यांच्या वकिलातीचा शिक्का, त्यासाठी तिच्या बापाला डोंगरात फोन लावणं, सगळं झालं. बिचाऱ्यानं दोन वेळा खाली शहरात जाऊन कागद काढून पाठवले. एवढं झाल्यावर वाटलं, सुटलो.

मग चौकशीला पोलीस आले.

मी कामावर होते, नवरा गोदामावर, सासूबाई डोळ्यांच्या दवाखान्यात. घर बंद बघून हवालदारांनी नियमाप्रमाणे शेजाऱ्यांना विचारलं. पहिलंच घर आमच्या चुलत सासूबाईंचं. त्यांना आख्खी आळी काकी म्हणते. काकी दारात मशेरी लावत बसल्या होत्या. "इथली मुलगी दत्तक घेतलेली आहे का हो?" असं हवालदारांनी विचारल्याबरोबर काकी उसळल्या.

"कोन बोललं तुमाला? जीभ झडली न्हाय का त्याची? आमचे सुनंचे पोटची हाय ती! रातभर कळा काढल्या तिनं. मी सोता व्हते ना उशाशी."

समोरच्या किराणावाल्या भैयानं त्यात भर घातली. "बिटिया तो एकदम माँ पे गई है साहब." माझं नाक पोपटासारखं आणि लेकीचं बसकं, गोंडस. पण त्यानंही गूळ खाल्ला होता. पलीकडच्या घरातल्या बाईनं तर सांगितलं, की माझे डोहाळे तिनंच पुरवले, मला तेव्हा फक्त चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, चालायचे. हवालदारांनी सगळं लिहून घेतलं आणि सह्या घेतल्या. काकींनी अंगठा दिला.

संध्याकाळी मी घरी आले तर काकी वाटच बघत होत्या. "असा पाठवला त्याला," त्या म्हणाल्या. "पुन्ना इचारायची हिंमत न्हाय करनार." त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा मी तिथंच त्यांच्या पायरीवर बसले.

थोड्याच दिवसांत कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. "तुम्ही लिहिलंय मुलगी नेपाळमध्ये जन्मली," त्या म्हणाल्या. "तुमची आळी सांगते ती तुमच्याच पोटी, इथंच जन्मली. तुम्ही खऱ्या की आळी खरी?"

मी घाईघाईनं सांगायला लागले. गूळ, सासूबाईंचं माहेर, जिभेची गाठ. बोलताना माझं मलाच ते सगळं बनावट वाटायला लागलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

"असेलही," त्या म्हणाल्या. "पण मला दुसरी बाजू बघावी लागते. ही मुलगी तुमची पोटची असेल, तर ज्या मुलीचा हा नेपाळचा दाखला आहे, ती मुलगी कुठं आहे?"

नवऱ्यानं माझा दंड धरला. आपण एका मुलीला जपून ठेवलंय आणि जगाला वाटतंय की एक मुलगी आपण गायब केलीय. मॅडम म्हणाल्या, पुन्हा चौकशी होईल, तेव्हा शेजाऱ्यांचे जबाब बदलले तर त्याचं कारणही त्यांना सांगावं लागेल, आणि शेवटी मुलीला घेऊन या.

आम्ही गाडीनं परत निघालो. अंजूरफाट्याला ट्रकांची रांग लागली होती. तिथं अडकल्यावर नवरा म्हणाला, "सगळ्यांना खरं बोलायला सांगायला लागेल."

"सगळ्यांनी खरं सांगितलं तर ती ऐकेल," मी म्हटलं.

"म्हणजे आधी तिला सांगायला लागेल."

"तू सांग," मी म्हटलं. तो म्हणाला, तू सांग. आमचं त्यावर कडाक्याचं भांडण झालं, आणि नेहमीप्रमाणे ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

रविवारी सकाळी कोळंबी सोलताना मी तिला सांगितलं. समोरासमोर बसून तिच्या डोळ्यांत बघत सांगण्याची माझी छाती नव्हती, म्हणून हाताला काम ठेवलं. तुला जन्म देणारी आई वेगळी होती, ती आजारी पडून गेली, तुझ्या त्या बाबांनी तुला माझ्या ओटीत घातलं, ते डोंगरात राहतात, ते चांगले आहेत. ती कोळंबी सोलत राहिली. पाठीतला काळा दोरा अगदी नीट काढत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दसऱ्याला फोन येतो ते?"

"हो."

"मग ते मला परत नेणार?"

"नाही गं. तू आमची आहेस."

"मग पोलीस कशाला येतात?"

तू आमची आहेस हे कागदावर करून घ्यायचंय म्हणून, असं मी सांगितलं. ती विचार करत होती. "आणि कागद नाही मिळाला तर?"

मिळणार, असं मी म्हटलं. पण ते म्हणायच्या आधी मी क्षणभर थांबले, आणि तिनं ते थांबणं पाहिलं. मुलं शब्द ऐकत नाहीत, हेच बघतात. तिनं सोललेली कोळंबी धुऊन ठेवली, हात धुतले, टरफलं मांजराला टाकली, आणि न सांगता ओटा पुसून घेतला. ओटा तिनं आयुष्यात पुसला नव्हता.

त्याच दुपारी सासूबाई गूळ परत घ्यायला निघाल्या. ही रीत त्यांच्या माहेरीही नव्हती, त्यांनीच काढली. हातात रिकामी वाटी. दारोदार जाऊन म्हणायच्या, "दिलेला गूल मी परत घेतेय. माझे घरानचा घास माझे घरान. आता पोलीस आला की खरं सांगा. पोटची न्हाय, असं सांगा." बायकांनी वाटीत गुळाचे खडे टाकले. एकीकडे गूळ नव्हता, तिनं साखर घातली. भैयानं बरणीतून गुळाची अख्खी ढेप काढली, सासूबाईंनी त्यातला नखाएवढा तुकडा घेतला.

काकींनी मात्र दिला नाही. "मी खोटं न्हाय बोलनार," त्या म्हणाल्या.

"गो, हेच खरं हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तुजं असल. माजं न्हाय. पोरीनं ऐकलं तर काय वाटल तिला?"

"तिला सांगितलंय."

काकींनी आमच्या घराकडे पाहिलं. मुलगी दारात उभी होती, वेणी घातलेली, कपडे बदललेली, शहाण्यासारखी हात मागं घेऊन. काकी आत निघून गेल्या. बऱ्याच वेळानं त्यांच्या नातवाकडून गुळाचा खडा आला, कागदात बांधलेला.

दुसऱ्या चौकशीला तेच हवालदार आले. ह्या वेळी आम्ही घरीच होतो. बायकांनी एकामागून एक खरं सांगितलं, का खोटं बोललो तेही सांगितलं, आणि हवालदार लिहिता लिहिता गालात हसायला लागले. काकींची पाळी आली. त्या पिंक टाकून आल्या आणि मुलीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "आनलेली हाय," त्या म्हणाल्या. "लिवा. झालं समाधान?" हवालदारांनी विचारलं, मग मागच्या वेळी कळा काढल्याचं का सांगितलंत? काकी म्हणाल्या, "त्या काढल्याच हिनं. इतकी वर्सं काढल्या. तुमी तारीख इचारली न्हाय." हवालदारांनी ते लिहिलं की नाही कोण जाणे. चहा मात्र दोनदा घेतला.

मुलीला घेऊन आम्ही कचेरीत गेलो तो दिवस मला आठवतो तो तिच्या तोंडातल्या पुटपुटण्यामुळे. सगळ्या वाटेवर तिचे ओठ हलत होते. मला वाटलं ती घाबरून रामरक्षा म्हणतेय. मॅडमनी तिला जवळ बोलावलं, खुर्ची दिली, नाव विचारलं, मग सहज म्हणाल्या, "शाळा आवडते का तुला?"

ती उठून उभी राहिली. "ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, अंबरनाथ, उल्हासनगर," ती एका दमात म्हणाली. "हे ठाणे जिल्ह्याचे तालुके. मला महाराष्ट्राचे जिल्हेपण येतात. म्हणू?"

तिला वाटलं होतं ही परीक्षा आहे. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आपल्याला इथं ठेवायचं की नाही ते प्रश्न विचारून ठरवणार, म्हणून ती किती दिवस गुपचूप पाठ करत होती. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हण," त्या म्हणाल्या, आणि सगळे जिल्हे होईपर्यंत त्यांनी तिला मधे थांबवलं नाही. एक जिल्हा राहिला, तो तिला आठवेना, तिचा चेहरा पांढरा पडला. "हिंगोली," मॅडम म्हणाल्या. "मलाही कधी कधी आठवत नाही."

फाईल दिल्लीला गेली. त्यानंतर नुसतं थांबणं. मी दोन बिल्ट्यांच्या मधे मोबाईल काढून अर्जाची स्थिती बघायची. तीच ओळ. ऑफिसातली पोरं चिडवायची, काय मॅडम, लॉटरी लावलीय का? मी त्यांच्या अंगावर धावून जायची. कुणाचं काही चुकलं नसताना मी सगळ्यांना फाडून खायला लागले होते.

आणि घरात आमची मुलगी गुणी झाली होती.

हे मला कुणाला सांगताही येईना. मूल ऐकत नाही म्हणून आया रडतात. मूल ऐकतं म्हणून कोण रडेल? ताटात पडेल ते खायची. कारल्याला एकदाही तोंड वाकडं केलं नाही. "मी टीव्ही लावू का?" असं विचारायची. बिस्किट घेऊ का, पंखा वाढवू का, ह्या उशीवर झोपू का. काकींच्या नातवानं तिची सायकल नेली तर म्हणाली, असू दे, त्यालाही चालवू दे. शाळेत बाईंनी मला थांबवून सांगितलं, "किती समंजस झालीय हो तुमची मुलगी." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना काही कळेना. रात्री तिला जवळ घेऊन मी शंभरदा सांगायची, तू कुठं जाणार नाहीस. ती म्हणायची, "हो आई." इतकं नम्रपणे म्हणायची की मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

सासूबाईंच्याही ते ध्यानात आलं होतं. एकदा तिनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "आपले घरान पोर पावनी झाली गो." त्याच दिवशी त्यांनी वज्रेश्वरीला नवस बोलला. कागद आला की पोरीला घेऊन देवीची ओटी भरायला येईन, गणेशपुरीच्या कुंडात तिला न्हाऊ घालीन. मी नवस मानत नाही, असं मी आधीच्या वर्षांत बऱ्याचदा सांगितलं होतं. ह्या वेळी ओटीचा खण मीच आणून दिला.

कागद आला. फोन आला, ठाण्याला जाऊन आम्ही तो घेतला, सही केली. मी तो गाडीत मांडीवर धरून आणला, चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी. आळीत पेढे वाटले, काकींनी दोन मागून घेतले. सासूबाईंनी कागद देवापुढं ठेवला, मग मुलीला बोलावलं. तिनं आधी विचारलं, "हात धुऊन येऊ?" धुऊन आली. सगळा कागद वाचला. मोठ्यानं, शाळेत वाचतात तसा. "छान आहे," म्हणाली आणि परत दिला. मला वाटलं होतं ती नाचेल, गळ्यात पडेल. काहीच झालं नाही. ती गृहपाठाला बसली, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. एवढं सगळं करून कागद हातात आला, आणि पोर हातची गेली असं मला खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वज्रेश्वरीला निघायचं ठरलं होतं. गाडी सांगितली होती. सासूबाई केव्हाच्या उठून, लुगडं नेसून, नारळ-खण पिशवीत भरून तयार. मी नवा फ्रॉक घेऊन उभी. सासूबाईंनी नातीला हलवलं.

"ऊठ गो बाय. देवीला जायाचंय."

ती कुशीवर वळली.

"ऊठ, गाडी येल."

"मी न्हाय येनार," चादरीतून आवाज आला.

सासूबाई थबकल्या. "काय बोललीस?"

"न्हाय येनार बोलले ना! मना झोप आलीय. तुमी जा. आनि पंखा कुनी बंद केला? लावा आधी!" तिनं उशी ओढून कानांवर दाबली आणि पाय आपटले. त्यातला एक सासूबाईंच्या हाताला लागला.

देवीच्या कामात आडवं आलेलं सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाचं खपवून घेतलेलं नाही, माझ्या नवऱ्याचंही नाही. त्या उठल्या. पंख्याचं बटण दाबलं, तो फुल केला. मग स्वयंपाकघरात येऊन जमिनीवरच बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलास? लाथ मारलीन मना." त्यांनी तोंडात पदर कोंबला. त्या हसतायत की रडतायत मला कळेना, आणि मला माझंही कळेना.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी धावत जाऊन त्याला गप्प केलं आणि सांगितलं, ऊन वर आलं की ये. तो वैतागला. "काय झालं? कुणी आजारी आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आमची पोर उठत नाहीये."